आधी बळ, मग भान

शस्त्रक्रिया संपत आली, सर्जन कातडीचे टाके घालू लागले, की थिएटरमधल्या इतरांचं लक्ष पुढच्या केसकडे वळतं. भूलतज्ज्ञाचं मात्र पेशंटच्या अंगठ्यावर असतं. मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत दोन चिकट इलेक्ट्रोड लावलेले असतात. बटण दाबलं की अर्ध्या अर्ध्या सेकंदाने विजेचे चार झटके तिथल्या मज्जातंतूला बसतात आणि अंगठा चार वेळा तळहाताकडे उडतो. उडायला हवा, असं म्हणायचं. रिलॅक्संटचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा, अंमल पुरता असेल तर तो ढिम्म हलत नाही. अंमल उतरू लागला की आधी एकदा हलतो, मग दोनदा, मग चारही वेळा. पण चौथी उडी पहिलीपेक्षा मलूल असते. चौथीचं बळ पहिलीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलं, की घशातली नळी काढायला हरकत नाही, असं आजचं शास्त्र सांगतं.

हे चालू असताना पेशंट गाढ झोपेत असतो. अंगठा त्याचा, हलवणारं यंत्र दुसऱ्याच्या हातातलं. थोड्या वेळाने भूल उतरते आणि हाक येते, ‘काकू, डोळे उघडा. जीभ बाहेर काढा बघू. माझा हात दाबा.’ काकू हात दाबतात. मघाशी नुसता उडालेला अंगठा आता डॉक्टरांच्या बोटांवर मिटतो. मज्जातंतू तोच, स्नायूही बहुतेक तेच. तरी पहिली ती हालचाल आणि दुसरी ती कृती, हे तिथल्या वॉर्डबॉयलाही न सांगता कळतं. तो फरक नेमका कशात आहे हे सांगायला बसलं, की मात्र भल्याभल्यांची पंचाईत होते. करणारा कोण? बळ त्याचं स्वतःचं, की कुठून तरी येणारं? आणि बळ काढून घेतलं तर मागे जो उरतो, तो कोण?

हे प्रश्न दर्शनशास्त्रात फार जुने आहेत. त्यांची उत्तरं आजवर चिंतनातून, समाधीतून किंवा वादातून आली. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत त्यांत एका विषाची साक्ष दाखल झाली आहे, आणि ती कुणाही एका पक्षाला पुरती सोयीची नाही.

विष म्हणजे क्युरारे. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले लोक बाणाच्या टोकाला लावायचे ते. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि स्नायू आकसतो. क्युरारे त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, स्वतः काही करत नाही, फक्त जागा अडवतं. निरोप निघतो, पोचत नाही. हृदयाचा आणि आतड्यांचा स्नायू वेगळ्या जातीचा असल्यामुळे त्यांचं काम चालू राहतं. बंद पडतात ते आपल्या हुकमातले स्नायू: पापण्या, जीभ, हात, पाय आणि सर्वांत शेवटी श्वासाचा पडदा. जनावर मरतं ते गुदमरून. इंग्लंडमधल्या चार्ल्स वॉटरटन या हौशी निसर्गअभ्यासकाने 1814 साली लंडनमध्ये एका गाढविणीला हे विष टोचवलं आणि ती पडल्यावर श्वासनलिकेत भोक पाडून भात्याने हवा भरत ठेवली. विष ओसरलं आणि गाढवीण उठून उभी राहिली. वुरालिया असं नाव मिळालेली ही गाढवीण पुढे वॉटरटनच्या वाडीत 1839 पर्यंत मजेत जगली. तिला उतारा म्हणून काही दिलं नव्हतं; तिचा श्वास दुसऱ्या कुणीतरी तेवढा वेळ घेतला, इतकंच.

माणसाच्या शस्त्रक्रियेत क्युरारे आलं 23 जानेवारी 1942 रोजी, माँट्रियलमध्ये. हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन या भूलतज्ज्ञांनी अपेंडिक्सच्या एका तरुण पेशंटला ते दिलं. तोवर पोट मऊ पडावं म्हणून ईथरची मात्रा धोक्याच्या पातळीपर्यंत वाढवावी लागे. आता झोप हलकी ठेवूनही स्नायू सैल करता येऊ लागले. सोय मोठी झाली. पण झोप आणि स्तब्धता या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि त्या वेगळ्या झाल्यामुळे एक भयंकर शक्यता उभी राहिली: स्तब्धता आहे, झोप नाही.

काहींचा दावा होता की क्युरारे मेंदूलाही थोडं बधिर करतं. तो खोडून काढायला सॉल्ट लेक सिटीतला स्कॉट स्मिथ नावाचा भूलतज्ज्ञ स्वतःच टेबलावर आडवा झाला. झोपेचं कुठलंही औषध न घेता त्याने श्वास बंद पाडायला लागणाऱ्या मात्रेच्या अडीच पट क्युरारे टोचून घेतलं. सहकारी त्याचा श्वास चालवत होते, प्रश्न विचारत होते, टोचून बघत होते. खुणा करायची ताकद होती तोवर तो खुणांनी उत्तरं देत राहिला. मग तेही संपलं. ताकद परत आल्यावर त्याने सगळं क्रमवार सांगितलं. ऐकू येत होतं, दिसत होतं, टोचलेलं दुखत होतं, विचार स्वच्छ होता. हा अहवाल 1947 साली प्रसिद्ध झाला आणि क्युरारे भूल देत नाही ही गोष्ट पक्की झाली.

आता इथे वैशेषिकांचं एक सूत्र आठवावं लागतं. शरीरात आत्मा आहे हे कशावरून ओळखायचं, याची खूण म्हणून कणादांनी यादी दिली आहे: प्राण-अपान, म्हणजे श्वास घेणं-सोडणं, पापण्यांची उघडझाप, जीवन, मनाची गती, आणि सुख, दुःख, इच्छा, द्वेष, प्रयत्न. न्यायसूत्रांत हीच यादी श्वास, पापण्या वगैरे वगळून येते आणि तिच्यात ज्ञान धरलेलं आहे. कणादांच्या यादीतल्या ज्या खुणा बाहेरून दिसतात, नेमक्या त्याच स्मिथच्या अंगावरून पुसल्या गेल्या होत्या. श्वास नाही, पापणी लवत नाही. कणादांच्या शिष्याने त्या टेबलापाशी उभं राहून अनुमान केलं असतं, तर ‘इथे आत्मा नाही’ असंच निघालं असतं. आणि आत तर सुख-दुःख, इच्छा, द्वेष, सगळं जागच्या जागी होतं.

प्रयत्नाचं काय? प्रशस्तपाद या वैशेषिक भाष्यकाराने प्रयत्नाचे दोन प्रकार केले आहेत. एक इच्छा-द्वेषातून येणारा, ज्याने आपण हात उचलतो. दुसरा जीवनातून येणारा, जो झोपेतही श्वास चालू ठेवतो. ही वाटणी भूलतज्ज्ञाला फार ओळखीची वाटेल. रिलॅक्संटचा अंमल उतरताना श्वासाचा पडदा अंगठ्याच्या आधी सावरतो. पेशंट छान श्वास घेऊ लागलेला असतो आणि हाताला अजून बळ नसतं. जगण्याचा प्रयत्न परतलेला असतो, इच्छेचा अजून वाटेत असतो. म्हणूनच नुसता श्वास बघून नळी काढू नये, अंगठा बघावा, असं शिकवतात. प्रशस्तपादाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दोन्ही प्रयत्नांना शेवटी एकाच जातीचा स्नायू लागतो आणि एकाच विषाने दोन्ही थांबतात, हेही त्याच्या वाटणीत बसत नाही. तरी झोपलेल्या माणसाच्या श्वासाकडे बघून त्याला ही वाटणी सुचली, ही साधी गोष्ट नव्हे.

बरं, स्नायूपर्यंत न पोचलेला प्रयत्न प्रयत्न म्हणायचा का? संत ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये नवल करतो की मन शरीराला आज्ञा देतं तेव्हा शरीर इतक्या चटकन ऐकतं की आज्ञा आणि अंमलबजावणी यांत फट दिसत नाही, पण मन स्वतःलाच आज्ञा देतं तेव्हा अडून बसतं. त्याचा सगळा रोख दुसऱ्या भागावर, म्हणजे पापी मनाच्या हट्टावर आहे. पहिला भाग त्याने गृहीत धरला. क्युरारेने ती फट उघडी करून दाखवली. 1977 साली ऑस्ट्रेलियातल्या गँडेव्हिया आणि मॅक्लॉस्की या संशोधकांनी माणसांना अर्धवट क्युरारे देऊन वजनं उचलायला लावली. वजन तेवढंच, पण ते जास्त जड लागलं. स्नायू दुबळा झाल्यामुळे मेंदूला आज्ञा मोठी द्यावी लागत होती, आणि जाणवत होता तो त्या आज्ञेचा मोठेपणा. आजारातून उठलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या जड लागतो तेव्हा त्याला तांब्याचं वजन कळत नसतं, स्वतःचाच प्रयत्न कळत असतो. नैयायिकांनी प्रयत्न हा आत्म्याचा गुण मानला आणि शरीराच्या हालचालीपासून तो वेगळा काढला, त्याला इथे पुष्टी मिळते असं म्हणायला वाव आहे. आत्म्याच्या जागी मेंदू म्हणा, वाद मिटत नाही. हालचाल नसताना प्रयत्न असू शकतो, एवढं तरी उरतंच.

मग बाहेरून ते ओळखायचं कसं? यावर सर्वांत चतुर उपाय एका बेडकाने दाखवला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा दोऱ्याने बांधून तोडला, मज्जातंतू शाबूत ठेवला आणि मग क्युरारे टोचलं. विष त्या पायात पोचलंच नाही. बाकीचा बेडूक मेल्यासारखा पडलेला. पण त्याच्या लुळ्या अंगाला चिमटा घेतला की तो एक पाय झटकायचा. म्हणजे चिमटा कळत होता. 1864 सालच्या आपल्या निबंधात बर्नारने लिहिलं की बाहेरून शांत दिसणारं हे मरण आतून कल्पनातीत यातनेचं असणार. पुढे शंभरेक वर्षांनी, 1977 मध्येच, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या मायकेल टन्स्टॉल यांनी सिझेरियनच्या बायकांच्या बाबतीत हीच युक्ती वापरली. रिलॅक्संट देण्यापूर्वी एका दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवायचा, म्हणजे तो हात विषाबाहेर राहतो. मग कानाशी म्हणायचं, ‘जाग असेल तर बोटं दाबा.’ काही बायका दाबत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या पाहणीत 260 पेशंटांपैकी 4.6 टक्के लोकांनी असा प्रतिसाद दिला. बहुतेकांना नंतर त्यातलं काही आठवत नाही. न आठवणारी जाग ही जाग म्हणायची की नाही, हा तर वेगळाच पेच; मांडूक्य उपनिषदाच्या चार अवस्थांत तिला कुठे बसवायचं ते वेदान्त्यांनी ठरवावं.

ज्यांना आठवतं, त्यांची गोष्ट जड आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा तक्रारींची मोठी नोंद झाली, तिचा अहवाल 2014 साली आला. भुलीतून अवेळी जाग आल्याचं सुमारे 19,000 जणांत एकाने सांगितलं. रिलॅक्संट दिलेल्यांत हे प्रमाण 8,000त एक, न दिलेल्यांत 1,36,000त एक. बहुतेक घटना शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला किंवा शेवटी, म्हणजे रिलॅक्संटचा अंमल आहे आणि झोप अजून चढायची किंवा आधीच उतरलेली आहे अशा सांध्यावर घडलेल्या. आणि लोकांना सर्वांत जास्त हादरवलं ते दुखण्यापेक्षा हलता न येण्याने. आपण मेलो आहोत, जिवंत पुरले गेलो आहोत, असं त्यांना वाटलं.

इथे भारतीय तत्त्वज्ञानाच्या वाचकाला थबकावं लागतं. सांख्यकारिकेतला पुरुष कसा आहे? साक्षी, एकटा, तटस्थ, बघणारा आणि अकर्ता. करणं-सवरणं सगळं प्रकृतीचं; पुरुषाने फक्त बघायचं. हे ज्याला उमगलं तो सुटला. अष्टावक्रगीतेतही ‘मी कर्ता’ हा अहंकारच विषारी ठरवलेला आहे. आणि इथे शब्दशः अकर्ता झालेला, फक्त बघणारा माणूस टेबलावर पडला आहे, आणि त्याला मुक्ती मिळत नाही, नरक मिळतो. सांख्यवादी म्हणेल, ‘घाबरली ती बुद्धी. बुद्धी प्रकृतीचीच. पुरुष त्या भीतीलाही नुसता बघत होता.’ तर्काला धरून आहे. पण मग त्या पुरुषाचं टेबलावरच्या त्या माणसाला काय, असा प्रश्न येतो, आणि त्याला कारिकेत समाधानकारक उत्तर सापडत नाही.

कर्तेपण सोडणं आणि कर्तेपण हिरावलं जाणं, या दोहोंत परंपरेने पुरेसा फरक केला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. केला, पण वेगळ्या ठिकाणी. गीतेने अर्जुनाला लढायचं थांबवून साक्षी बनवलं नाही. धनुष्य उचलायला लावलं आणि मग कर्तेपणाचा दावा सोडायला सांगितला. हात चालता असतानाच तो सोडणं सोडणं ठरतं. स्कॉट स्मिथलाही तो अनुभव सुखाचा गेला नाही, श्वासासाठी त्याचाही जीव कासावीस झाला; पण तो आपल्या पायांनी त्या खोलीत गेला होता, काय होणार ते त्याला माहीत होतं आणि श्वास चालवणारे हात ओळखीचे होते. ब्रिटिश अहवालातही दिसतं की ज्यांना आपल्याला काय होतंय ते समजलं किंवा कुणी धीर दिला, त्यांच्या मनावरचा ओरखडा कमी खोल राहिला. शरणागतीला समोर कुणीतरी लागतं. नुसत्या लुळेपणाला शरणागती म्हणता येत नाही.

याच गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, निरनिराळी करणं, प्राणादींच्या वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. या पाचांकडे न बघता जो ‘मीच एकटा करतो’ म्हणतो, त्याला काही कळलेलं नाही, असं पुढे लगेच येतं. ज्ञानेश्वरांनी या पाचांवर भरपूर ओव्या खर्ची घातल्या आहेत. घरोघरी पारायणात हा भाग भराभर वाचला जातो, कारण त्यात गोष्ट नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये हा श्लोक डोळ्यांना दिसतो. शरीर टेबलावर, कर्ता झोपलेला, करणं, म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू, एकमेकांपासून तोडलेली, प्राणाची चेष्टा व्हेंटिलेटरकडे सोपवलेली. एरवी एका ‘मी’त गुंडाळलेल्या गोष्टी इथे सुट्या करून वेगवेगळ्या हातांत दिलेल्या असतात. आणि संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा एकत्र बांधून द्यायच्या असतात. साक्षीच्या सिद्धान्तापेक्षा हा पाच कारणांचा हिशोब या खोलीत जास्त उपयोगी पडतो.

आता बांधून देण्याकडे वळू. याला थिएटरच्या बोलीत ‘रिव्हर्सल’ म्हणतात: ‘रिव्हर्सल दिलं का?’, ‘रिव्हर्स करतोय.’ नेहमीचं रिव्हर्सल म्हणजे निओस्टिग्मिन, सोबत हृदयाची गती पडू नये म्हणून ग्लायकोपायरोलेट. निओस्टिग्मिनचं कूळ बघण्यासारखं आहे. पश्चिम आफ्रिकेत आजच्या नायजेरियात कॅलाबार इथे एफिक लोक एका शेंगेच्या बियांनी दिव्य करत. जादूटोण्याचा आळ असलेल्याला बियांचा काढा पाजायचा. ओकला तर निर्दोष, मेला तर दोषी. देवाचा निवाडाच तो. त्याचा एक खुलासा असा देतात की निर्दोष माणूस देवावर भिस्त ठेवून घटाघट पितो आणि उलटी होऊन वाचतो. दोषी भीत भीत घोट घेतो, उलटी होत नाही आणि विष अंगात भिनतं. खुलासा खरा असेल तर श्रद्धेनेच जीव वाचवला म्हणायचा, फक्त पोटाच्या मार्गाने. एडिंबराचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी 1855 साली या बीचा तुकडा स्वतः खाऊन पाहिला, हातापायांतलं त्राण जाऊ लागलं तेव्हा दाढीचं साबणाचं पाणी पिऊन उलटी काढली आणि बचावले. 1900 साली व्हिएन्नात जेकब पाल यांना दिसलं की या बीतलं द्रव्य क्युरारेचा अंमल उतरवतं. एका खंडातल्या शिकाऱ्यांच्या विषाला दुसऱ्या खंडातल्या देवाच्या विषाचा उतारा. 1934 मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरने मायस्थेनियाच्या, म्हणजे वापरल्यासरशी स्नायू थकत जाणाऱ्या आजाराच्या एका बाईला हेच द्रव्य टोचलं. हा आजार क्युरारेच्या विषबाधेसारखा दिसतो, एवढ्या धाग्यावरून ती तिथवर पोचली होती. मिटलेली पापणी अर्ध्या-एक तासात वर गेली. लोक त्याला ‘सेंट आल्फेजचा चमत्कार’ म्हणू लागले.

चमत्कार कसा होतो? त्याच द्रव्याच्या कुळातलं निओस्टिग्मिन स्नायूला बळ देत नाही. ॲसिटिलकोलीन तोडून टाकणाऱ्या एन्झाइमला ते थोपवतं. ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि गर्दीच्या जोरावर रिलॅक्संटला हुसकतं. पण याला मर्यादा आहे. एन्झाइम पूर्ण थोपलं की त्यापुढे आणखी औषध देऊन फायदा नाही. अंमल फार गाढ असेल तर स्वतःच्या शरीराचं ॲसिटिलकोलीन कितीही वाढलं तरी पुरे पडत नाही. सुगामाडेक्स हे नवं औषध वेगळ्या वाटेने जातं. स्कॉटलंडमध्ये ऑर्गनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटन बॉम यांनी ते शोधलं. 2008 साली युरोपात आणि 2015 च्या अखेरीस अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आठ शर्करांचं कडं, मधे पोकळी, आणि त्या पोकळीत रोक्युरोनियम या रिलॅक्संटचा एक रेणू नेमका बसतो. स्नायूला ते शिवतही नाही, मज्जातंतूलाही नाही. रक्तातलं रोक्युरोनियम बांधून टाकतं, मग स्नायूवरचंही आपोआप सुटून रक्तात येतं आणि तेही बांधलं जातं. गाढ अंमलही साधारण तीनेक मिनिटांत उतरतो. (गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी नंतर आठवडाभर दुसरी काळजी घ्यावी, कारण ते कडं त्या संप्रेरकालाही थोडंफार धरून ठेवतं. नळी काढल्याच्या आनंदात हे सांगायचं राहून जातं.)

योगसूत्रांच्या चौथ्या पादात पतंजलींनी नेमकी ही गोष्ट मांडली आहे. संदर्भ वेगळा, एका जन्मातून दुसऱ्या जातीत होणाऱ्या बदलाचा. पण मुद्दा असा की निमित्त प्रकृतीला ढकलत नाही, फक्त अडथळा मोडतं, शेतकऱ्यासारखं. वाफ्याला पाणी देणारा माणूस पाणी ओंजळीने उचलून नेत नाही. कुदळीने दारं फोडतो, पाणी आपल्या उताराने जातं. पैठणला असो की पाटण्याला, पाट ज्याने बघितला आहे त्याला भाष्य नको. बळ दिलं जात नाही, त्याच्या वाटेतला अडथळा काढला जातो. आणि वेदान्तात मोक्षाबद्दलही असंच म्हणतात, की तो मिळवायचा नसतो, अविद्या तेवढी जायची असते. सुगामाडेक्सचं काम या चौकटीत तंतोतंत बसतं. निओस्टिग्मिनचं बसत नाही. तिथे दारं तसंच असतं आणि वरून पाणी वाढवत नेतात, बांधावरून वाहीपर्यंत. साधनेने, जपाने, तपाने जोर वाढवत जाणाऱ्यांचा तो पंथ. त्याला यश येतं, पण बांध फार उंच असला तर येत नाही. कृपा आणि प्रयत्न यांच्या वादात कुणाला कुठलं औषध आपलं वाटेल, ते ज्याचं त्याने बघावं. पण ‘देवाने बळ दिलं’ म्हणताना आपल्या मनात बहुधा देणगीचं चित्र असतं, आणि शरीराचा दाखला देणगीच्या बाजूने पडत नाही, एवढं नक्की.

आणखी एक गोष्ट या जोरदार वाटणाऱ्या बळाविषयी. स्नायूवरचे सुमारे तीन चतुर्थांश रिसेप्टर अडवले जाईपर्यंत त्याच्या एकेका झटक्यात काहीच फरक दिसत नाही. म्हणजे दणदणीत दिसणारा स्नायू प्रत्यक्षात काठावर उभा असू शकतो. पूर्वी पेशंटला पाच सेकंद डोकं उचलून धरायला सांगत. धरलं तर बळ आलं. आज माहीत आहे की बरंच बळ यायचं बाकी असतानाही माणूस डोकं उचलून धरतो. त्याच माणसाला नजरेसमोर दोन-दोन दिसत असतात, घोट नीट गिळता येत नसतो, लाळ श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये बोटांच्या अंदाजावर न राहता यंत्राने आकडा मोजायचा आग्रह धरला. आपल्याकडच्या लहान गावांतल्या नर्सिंग होममध्ये असं यंत्र असतंच असं नाही; तिथे अजून ‘हात दाबा’वरच काम भागतं, आणि अनुभवी माणूस ते भागवतोही. पण स्वतःच्या बळाविषयी माणसाची स्वतःची साक्ष किती कच्ची असते! मी ठीक आहे, असं पेशंट मनापासून सांगतो. तो खोटं बोलत नसतो.

घरी आल्यावर महिनाभर जो अशक्तपणा राहतो, ‘अंगात त्राणच नाही’ म्हणतात तो, रिलॅक्संटचा नव्हे. औषध त्याच दिवशी निघून गेलेलं असतं. तो पडून राहिल्याचा, उपासाचा, शरीराने सोसलेल्या घावाचा अशक्तपणा; त्याला उठून चालणं आणि पोटभर जेवणं हाच उतारा. तिथे अडथळा फोडून भागत नाही, बळ खरोखरच पुन्हा घडवावं लागतं. पतंजलींचा दाखला तिथपर्यंत ताणू नये.

भूलतज्ज्ञाच्या कामाचा क्रम मात्र पक्का असतो: आधी बळ, मग भान. स्नायू सावरले हे बघितल्याशिवाय झोपेचं औषध बंद करायचं नाही. तत्त्वज्ञांनी भानाला पहिलं स्थान दिलं आणि कर्तेपण झटकून टाकायला सांगितलं. थिएटरमध्ये कर्तेपण परत मिळेपर्यंत भानाला मुद्दाम थांबवून ठेवतात, दयेपोटी. हा क्रम सर्वांत कठीण जातो तो स्कोलीनच्या बाबतीत. स्कोलीन, म्हणजे सक्सिनिलकोलीन, पटकन नळी घालायला वापरतात. रक्तातलं एक एन्झाइम ते तोडतं आणि पाच-दहा मिनिटांत अंमल संपतो. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच जवळपास नसतं. एरवी त्याचा काही त्रास नाही; माणूस धडधाकट, शेतात राबेल, मुलं वाढवेल, नव्वदीपर्यंत जगेल. ते इंजेक्शन मिळेपर्यंत त्याला किंवा कुणालाच काही कळायचं कारण नसतं. दक्षिण भारतातल्या आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांहून बराच जास्त आढळतो, त्यामागचा जनुकीय बदलही शोधून काढलेला आहे. हा समाज मराठवाड्यातही आहे. गीतेतल्या पाचव्या कारणाला शंकराचार्यांनी इंद्रियांच्या देवता म्हटलं, तर सामान्य मराठी वाचक त्याला सरळ नशीब समजतो. इथे तो सामान्य वाचक जास्त बरोबर वाटतो.

अशा पेशंटला स्कोलीन दिलं गेलं तर दहा मिनिटांचा अंमल काही तास टिकतो. रिव्हर्सल नाही. निओस्टिग्मिन नेमकं तसल्याच एन्झाइमना थोपवतं, त्यामुळे इथे ते उलटू शकतं. व्हेंटिलेटर चालू ठेवायचा, झोपेचं औषध चालू ठेवायचं, नातेवाइकांना बाहेर जाऊन सांगायचं की घाबरू नका, वेळ लागेल. वुरालियासाठी भाता चालवणाऱ्यांनी 1814 साली जे केलं त्याहून फार वेगळं काही करण्यासारखं नसतं; फक्त ती जागी होती आणि याला जागं होऊ द्यायचं नाही. दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता चारात एक. म्हणून नंतर घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायला सांगतात, आणि ज्याच्यात तो निघेल त्याने पुढच्या कुठल्याही ऑपरेशनआधी, अगदी सिझेरियन असो की हर्निया, भूलतज्ज्ञाला एवढंच सांगायचं असतं: मला स्कोलीन चालत नाही.